खरवडलेली जागा

नुकताच रंग दिलेले लोखंड एखादा जाणता माणूस मुद्दाम खरवडतो आहे, असे तुम्ही कधी पाहिले आहे का? आणि तेही दुसऱ्या दिवशी त्याच लोखंडाची पूजा असताना?

एकदा एक वृद्ध मिस्त्री होते. कोल्हापुरात त्यांचा मोटार दुरुस्तीचा कारखाना होता आणि सगळे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांच्याजवळ एक शिष्य काम शिकत होता. वय तिशीच्या आसपास, हात कुशल, बुद्धी तल्लख. नव्या गाड्यांचे संगणक वाचण्याची विद्या तो पुण्याहून शिकून आला होता.

एके दिवशी गुळाचे एक जुने व्यापारी आपली गाडी दोरखंडाने ओढून घेऊन आले. गाडी परदेशी बनावटीची, पन्नास वर्षांपूर्वीची, लांब नाकाची, दोनच दारांची. तिच्या देशात अशा दणकट गाड्यांना मसल कार म्हणत. व्यापाऱ्यांच्या पेठेत तिला ‘पैलवान’ म्हणत. दर खंडेनवमीला पूजा झाली की व्यापारी तिला घाट चढवून पन्हाळ्यावर नेत. पण पंधरा वर्षांपूर्वी तिचे इंजिन तडकले, सुटे भाग मिळेनात, आणि पैलवान गोदामात बसून राहिला.

“वस्ताद,” व्यापारी म्हणाले, “माझी नजर उतरायला लागली आहे. दसरा झाला की मुलगा मला डोळ्यांच्या ऑपरेशनला मद्रासकडं नेणार. डॉक्टर म्हणतात, होईल तेवढं करू, भरवसा देत नाही. त्याआधी एकदा या गाडीतनं घाट बघायचा आहे.”

वस्ताद काही बोलायच्या आत शिष्य म्हणाला, “शेठ, खंडेनवमीला तुम्ही पन्हाळ्यावर असाल. माझा शब्द.”

वस्तादांनी बोनेट उघडून तडकलेले इंजिन पाहिले.

पुढचे चार महिने शिष्याला दुसरे काही सुचले नाही. अपघातात मोडलेल्या एका परदेशी जीपचे आठ सिलिंडरचे नवे इंजिन मिळाले. जुन्या इंजिनाला कार्बोरेटर होता. पेट्रोल हवेबरोबर ओढले जाई. नव्यात प्रत्येक सिलिंडरला वेगळे इंजेक्टर, आणि किती थेंब सोडायचे ते ठरवणारा संगणक. शिष्याने इंजिनासाठी नव्या बैठका घडवल्या, टाकीतला गंज काढला, जास्त दाबाचा पंप बसवला, ब्रेकसुद्धा बदलले. आणि सगळ्यात मन लावून त्याने गाडीचे आतले अंग रंगवले. इंजिनाखालचा सांगाडा, कोपरे, भोके, सगळे घासून त्यावर काळ्याभोर रंगाचे तीन हात दिले. तोंड दिसावे असा तो रंग झाला.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी इंजिन पहिल्यांदा सुरू करायचे होते. व्यापारी मुद्दाम येऊन खुर्ची टाकून बसले. उद्याच्या पूजेचे झेंडूचे हार बादलीत ओले करून ठेवले होते.

शिष्याने चावी फिरवली. मागे पंप गुणगुणला. इंजिनाने दोन गिरक्या घेतल्या आणि असा काही हुंकार दिला की भिंतीवर टांगलेले नट-बोल्टचे पाने खुळखुळले. व्यापारी खुर्चीतून अर्धे उठले.

“उठला की वो पैलवान,” ते म्हणाले.

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. पण ते गालावर यायच्या आतच इंजिन अडखळले. आवाज वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. एक खोकला, आणि शांतता. पुन्हा सुरू केले, पुन्हा तेच. शिष्याने लॅपटॉप जोडला. संगणकाने एक ना दोन, अकरा दोष दाखवले. हवा तापली आहे. पाणी उकळते आहे. कोणी पाय न लावता अॅक्सिलरेटर अर्धा दाबलेला आहे.

“संगणकच गेला,” शिष्य म्हणाला. “नवा मागवावा लागेल. चार दिवस तरी लागतील.”

व्यापारी हळूच खाली बसले. “राहू दे बाळ. एवढं केलंस तेच खूप झालं.”

हे शब्द शिष्याला शिवीपेक्षा अधिक लागले.

इतका वेळ वस्ताद गाडीच्या नाकापाशी नुसते उभे होते. ते म्हणाले, “परत सुरू कर. आणि चालू आहे तोवर पुढचे दिवे लाव.”

“दिव्यांचा काय संबंध?”

“लाव तर खरं.”

शिष्याने दिवे लावले. त्याच क्षणी पाण्याच्या तापमानाचा काटा सरसर वर चढला. दिवे बंद केले, काटा खाली. पुन्हा लावले, पुन्हा वर.

“काय रे,” वस्ताद म्हणाले, “दिवा लावला की पाणी उकळतं होय? मग घरचा गॅस वाचला म्हणायचा.”

व्यापारी हसले. शिष्याला हसू येईना.

वस्तादांनी इंजिन बंद करायला सांगितले, बॅटरीची तार सोडवली आणि भिंतीवरची पत्र्याची खरवडणी घेतली. वाकून त्यांनी शिष्याच्या त्या आरशासारख्या काळ्या रंगावर ती टेकवली आणि जोराने ओढली. रंगाची साल निघाली.

“वस्ताद, काय करताय,” म्हणत शिष्याने त्यांचे मनगट धरले. “आठ दिवस घासलंय मी ते.”

“माहीत आहे. हात सोड.”

“उद्या पूजा आहे.”

“म्हणूनच तर.”

शिष्याने हात सोडला. वस्ताद खरवडत राहिले. एक हात रंग गेला, दुसरा गेला, तिसरा गेला, आणि रुपयाएवढे पांढरेशुभ्र लोखंड उघडे पडले. अशा त्यांनी तीन जागा केल्या. मग तांब्याच्या तारांची विणलेली जाड पट्टी घेऊन तिचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे त्या उघड्या लोखंडाला बोल्टने घट्ट आवळले. उरलेल्या दोन जागी संगणकाची आणि दिव्यांची तार जोडली. वरून बोटाने ग्रीस लावले.

“मार चावी.”

शिष्याने बॅटरी जोडली आणि चावी मारली. इंजिन सुरू झाले. तो श्वास रोखून अडखळण्याची वाट पाहत राहिला. पाच मिनिटे गेली, दहा गेली. दिवे लावले, काटा जागचा हलला नाही. आठही सिलिंडर एका लयीत बोलत होते. पेडलवर जरा पाय ठेवताच पैलवानाने सारा कारखाना घुमवला, आणि व्यापारी बोनेटवर दोन्ही हात पसरून लहान मुलासारखे उभे राहिले.

पुष्कळ वेळाने शिष्याने इंजिन बंद केले आणि खाली मान घालून विचारले, “माझी विद्या कुठं कमी पडली?”

वस्ताद हात पुसत म्हणाले, “विद्या कमी नाही पडली. माया जास्त झाली. बाळा, वीज बॅटरीतून तारेनं निघते, पण परत येते ती गाडीच्या अंगातून. जुनं इंजिन आडदांड होतं; वाटेत थोडा अडथळा असला तरी ते रेटून न्यायचं. हे नवं कानाचं फार हळवं आहे. हवा किती, पाणी किती तापलं, क्षणाक्षणाला विचारतं. उत्तर यायचं त्या जुन्या लोखंडातून, आणि तू मध्ये रंगाचे तीन पडदे सोडलेस. त्याला खोटंच ऐकू येत होतं. तू म्हणालास संगणक गेला. तो बिचारा जे ऐकलं ते सांगत होता.”

“पण रंग तर गंज लागू नये म्हणून दिला होता.”

“दे की. सगळीकडं दे. पण जिथं नव्याची जुन्याशी गाठ पडायची आहे, तेवढी जागा उघडी ठेव. ती बघायला चांगली दिसत नाही. तिला जपावं लागतं, दर वर्षी ग्रीस लावावं लागतं. तुझ्या सगळ्या कामात दाखवण्याजोगी नाही अशी तेवढीच एक जागा आहे, आणि गाडी चालते ती तिच्यावर.”

 व्यापारी वाकले. त्यांना ती जागा नीट दिसत नव्हती. त्यांनी बोल्टच्या कडेने बोट फिरवून ती शोधली.

“हे माझंच लोखंड,” ते म्हणाले. “गार आहे.”

शिष्यानेही तिथे बोट ठेवले. आठ दिवस त्याने ते अंग घासले होते, पण लोखंडाला खरा स्पर्श केल्यासारखे त्याला आत्ताच वाटले.

आपणही घरात, कामात, मुलांच्या शिक्षणात पुष्कळ नवे आणून बसवतो. ते बिघडले असे म्हणण्याआधी मध्ये आपणच किती रंग दिला आहे, ते एकदा पाहावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली, शिष्याने त्या तीन जागांनाही कुंकवाचे बोट लावले, आणि नऊ वाजायच्या आत पैलवान कुठेही न थांबता घाट चढून पन्हाळ्यावर पोहोचला. व्यापारी वाटभर खिडकीची काच खाली करून बाहेर पाहत होते.