ओंजळभर वाटा

“मगे माझ्यात उणा काय आसा, आबा?”

लवूने पुन्हा विचारलं. पाण्याचा रंग बघून तारली मासळीचा थवा ओळखण्यात त्याचा हात धरणारा वाडीत कोणी नव्हता. आजही त्याने बोट दाखवलं तिथेच होडीतून जाळं टाकलं, आणि साऱ्या वाडीने दोर ओढून ते रापणीचं जाळं किनाऱ्याला आणलं. वाळूवर तारली नुसती चमचम करत होती. अशा दिवशी तरी तांडेलकी मिळावी, असं त्याला मनापासून वाटत होतं.

आबा, म्हणजे बुधाजी तांडेल, वाळूत विडी ओढत बसले होते. होडी कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, हे कित्येक वर्षं तेच सांगत आले होते.

“आज वाटे तू घाल,” ते म्हणाले.

लवू हरखला. त्याने भराभर वाटे घातले. शेवटचा मात्र ओंजळभरच.

“ह्यो कोणाचो?”

“द्वारकाकाकीचो. ती खंय वडता? नुसतो दोराक हात लावता.”

दोराला हात लागला की वाटा, ही वाडीची रीत. काकी टोपली घेऊन पलीकडे खुशीत बसली होती. तिने ऐकलं की नाही, कोण जाणे.

“बरा,” आबा म्हणाले. “आता वाट्यांकडे पाठ करून उभो रव. मी एकेका वाट्यार हात ठेवतंय. तू नाव घे.”

हीसुद्धा रीतच, कोणता वाटा कोणाला जातोय हे नाव घेणाऱ्याला दिसू नये म्हणून. लवू समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

“ह्यो कोणाचो?”

लवू नाव घेणार, तोच त्याच्या मनात आलं. आबांचा हात त्या ओंजळभर वाट्यावर असला तर? आईचं नाव घ्यावं? आबांचं? की स्वतःचं?

“लवू, ह्यो कोणाचो?”

“जरा थांबा, आबा.”

तो वळला, गुडघ्यांवर बसला आणि प्रत्येक वाट्यातली मूठमूठ तारली त्या शेवटच्या वाट्यात टाकत गेला. सगळे वाटे सारखे दिसू लागले तेव्हा कुठे उठला. पुन्हा पाठ केली आणि पहिलं नाव मोठ्याने घेतलं.

“द्वारकाकाकी!”

टोपल्या भरल्या. माणसं हसतखिदळत घराकडे निघाली. आबांनी विडी वाळूत विझवली.

“उद्या होडयेत माझ्या जाग्यार तू बस.”

लवूचे डोळे आनंदाने भरून आले. तरीही त्याला राहवेना.

“आबा, पयल्यांदा तुमचो हात खंयच्या वाट्यार होतो?”

“माका काय म्हायत? माझे पण डोळे मिटलेलेच होते.”