अस्वलाची संथ गिटार

एका डोंगराळ जंगलात एक अस्वल राहत असे, आणि मुलांनो, त्याला मेटल संगीताचे भारी वेड होते. कानठळ्या बसवणारी गिटार, धडाडणारे ड्रम आणि त्या तालावर मान झटकत केस उडवणे, यापुढे त्याला मधही फिका वाटे. मान झटकण्यात त्याची बरोबरी कोण करणार? एवढे केस होते कोणाकडे! पण तेवढ्याने त्याचे समाधान होईना. जंगलाच्या बँडमधला गिटारवाला तरस दुसऱ्या रानात राहायला गेला होता, आणि ती रिकामी जागा अस्वलाला मनापासून हवी होती.

त्याने गिटार आणली, सोबत अँपही आणला. अँप म्हणजे गिटारचा आवाज मोठा करून चांगला खरखरीत फाडणारी पेटी. तिच्याशिवाय मेटल कसली? पण त्याच्या गुहेच्या तोंडाशी मधमाश्यांचे पोळे होते. पहिला झणत्कार होताच सगळ्या माश्या घोंघावत बाहेर आल्या. राणी आतूनच गरजली, "हवं ते वाजव, पण ही पेटी पुन्हा लावलीस तर नाकाचा भोपळा करू!" अस्वलाने मुकाट्याने पेटी बंद केली. मग त्याला आपली गिटार पहिल्यांदाच नीट ऐकू आली, आणि त्याला फार लाज वाटली. एक तार कुरकुरत होती, दुसरी नख लागून नुसतीच खटखटत होती. म्हणून त्याने एकच छोटी धून घेतली आणि ती संथपणे, पुन्हा पुन्हा घोटू लागला.

त्याच जागेवर डोळा असलेले एक माकड रोज येऊन त्याची टर उडवी.

"काय रे, ही मेटल की अंगाई? माझी पोरं झोपली बघ!"

"झोपू देत. तू वाजवलंस की रडतात बिचारी."

"तुझे केस तयार आहेत रे, बोटं कधी होणार?"

"केस तरी एका दिवसात थोडेच वाढले!"

माकडाचा अँप मात्र दिवसभर गडगडे. त्याची बोटे अशी भराभर फिरत की चुकले काय आणि बरोबर काय, कोणालाच कळत नसे. माकडालाही नाही. अस्वल चारचौघांत हसे खरे, पण एकटे असले की त्याला वाटे, आपण फारच मंद आहोत. तरी दुसऱ्या सकाळी गिटार पुन्हा मांडीवर असायचीच. मला तर त्याचे हेच फार आवडते.

निवडीच्या दिवशी सारे रान जमले. बँडचा ड्रमवाला होता सुतारपक्षी. तो खोडावर बसून म्हणाला, "दोघांनीही आधी पेटी बंद करून वाजवा. मला तारा ऐकायच्या आहेत."

माकडाची भंबेरी उडाली. वेग होता तेवढाच, पण निम्मे स्वर गायब आणि उरलेले एकमेकांत अडकलेले. ते मध्येच थांबले. मग अस्वल पुढे आले. त्याने आपली संथ धून सुरू केली, तर प्रत्येक स्वर जड, गंभीर आणि स्वच्छ. सुतारपक्ष्याने चोचीने ताल धरला आणि वेग वाढवत नेला. अस्वलही सोबत चढत गेले, एकही स्वर सुटला नाही. तेव्हा सुतारपक्ष्याने स्वतः उडत जाऊन पेटी सुरू केली. बाप रे! डोंगर दणाणला. हरणे मान झटकू लागली, कोल्हा झटकू लागला, आणि सगळ्यांच्या आधी झटकत होते ते माकड.

"जागा तुझी," सुतारपक्षी म्हणाला.

माकड खाली मान घालून अस्वलाजवळ आले. "मानलं तुला. मी इतकं चिडवलं, तरी तू सोडलं नाहीस."

"तू येत होतास म्हणून मजा आली रे. एकटा कंटाळलो असतो."

"उद्या सकाळी येऊ? पेटी घरी ठेवून येतो. अगदी पहिल्या स्वरापासून दाखवशील?"

"ये की," अस्वल म्हणाले, "पण आता मी चिडवणार हं!"

तात्पर्य : मोठ्या आवाजात आपल्या चुका लोकांना ऐकू येत नाहीत, तशा आपल्यालाही येत नाहीत. जो लाज गिळून त्या ऐकतो, तोच शिकतो.