रवंथ करणारा देव

एका गावात एक भोळा जावई होता. म्हणजे गाव त्याच्या सासऱ्याचं. त्याच्या स्वतःच्या गावात त्याला भोळा म्हणत नसत, दुसरंच काहीतरी म्हणत. नाव लिंबाजी. सांगितलेलं काम तो सांगितल्यासारखंच करायचा. तेच तर दुखणं होतं.

वटपौर्णिमेला त्याची बायको भामा वडाची पूजा करत होती. म्हणाली, "अहो, हे सूत धरा आणि वडाला गुंडाळा." लिंबाजीनं गुंडाळलं. मधे भामा उभी होती, तिच्यासकट गुंडाळलं. पक्की गाठ मारली आणि घरी जाऊन झोपला. दिवेलागणीला गुराख्यांनी भामाला सोडवलं. ती घरी गेलीच नाही, तशीच तडक माहेरी गेली.

"सात जन्म हाच नवरा दे म्हणून मागायला गेले होते," ती आईला म्हणाली, "बांधल्या जागी विचार बदलला."

इकडे लिंबाजीला भामाशिवाय करमेना. भाकरी थापली तर तव्याला चिकटायची, हाक मारली तर ओ यायची नाही. श्रावण लागला तसा तो सासुरवाडीला जाऊन धडकला.

सासरे मुंजाजी पाटील मोठे देवभक्त. तेहतीस कोटींपैकी निम्मे देव त्यांच्या भिंतीला टांगलेले. ते ओसरीवर बसले आणि म्हणाले, "जावईबापू, श्रावणभर इथं राहा. गणपतीच्या आधी आमचे गुरू निरिच्छानंद महाराज येणार आहेत. तोवर नीट वागलात, तर महाराजांच्या शब्दानं लेक तुमच्यासंगं धाडीन. नाही वागलात, तर महाराजांच्याच शब्दानं काडीमोड."

"नीट म्हणजे कसं, मामा?"

"सांगितलं तसं."

"मग सोपं आहे," लिंबाजी म्हणाला.

दाराआड उभ्या असलेल्या भामानं कपाळावर हात मारून घेतला.

पहिल्या सोमवारी सासू गयाबाईनं वाढलेलं ताट त्याच्या हातात दिलं. "देवळात जा, महादेवाला जेवू घाला आणि ताट घेऊन या."

लिंबाजी गेला. ताट पिंडीपुढं ठेवून बसला. "घ्या देवा. लाजू नका. घर आपलंच आहे."

देव घेईना. ऊन कललं. भज्यांना मुंग्या लागल्या. "मामींच्या हातचं आवडत नाही काय?" लिंबाजीनं हळूच विचारलं. देव काही बोलेना, म्हणजे तसंच असणार. पण जेवू घाल असं सांगितलेलं. मग त्यानं बाह्या सारल्या, वरणभात कालवला आणि पिंडीला भरवायला लागला. अर्धी पिंडी लिंपून झाली तेव्हा गुरव झाडू घेऊन धावला.

गयाबाई म्हणाली, "अहो जावईबापू, देव जेवत नसतो! ताट ठेवायचं, भोवती पाणी फिरवायचं, घंटी वाजवायची, डोळे मिटायचे. नुसतं दाखवायचं. मग आपणच खायचं."

"आणि त्याला राग आला तर?"

"येत नाही. आजवर कुठं आलाय?"

लिंबाजीनं उपरण्याला एक गाठ मारली. म्हणजे धडा विसरायला नको.

पुढच्या शुक्रवारी घरी सत्यनारायण. पूजा सांगायला शेजारगावचे जोशीबुवा आले. कथा संपेपर्यंत बुवांचा आवाज पोटात गेला होता. मुंजाजीराव आत वळून म्हणाले, "जावईबापू, बुवांना ताट द्या."

लिंबाजीनं ताट आणलं. बुवांपुढं ठेवलं. बुवांनी हात पुढं केला, तोच लिंबाजीनं ताटाभोवती पाणी फिरवलं. मग बुवांच्या नाकापुढं घंटी वाजवली. मग डोळे मिटले. मग ताट आपल्याकडं ओढलं आणि जेवायला बसला.

जोशीबुवा बघत राहिले. शिरा गेला, पुऱ्या गेल्या, मठ्ठासुद्धा गेला.

"अहो," बुवा म्हणाले, "आणि मी?"

"तुम्हाला दाखवलं की."

बुवा दक्षिणाही न घेता उठले. त्या भागात असं पहिल्यांदाच घडलं.

मुंजाजीराव लाल झाले. पण जावई म्हणजे जावई, अरेतुरे करता येईना. "जावईबापू, तुम्ही गाढव आहात! माणसाला आग्रह करायचा असतो. नको म्हटलं की आणखी वाढायचं. हात आडवा केला तर हाताखालून वाढायचं. पोटात गेल्याशिवाय सोडायचं नाही."

लिंबाजीनं दुसरी गाठ मारली.

पुढच्या सोमवारी मुंजाजीरावांची थोरली बहीण गोदाआत्या आली. आत्याचा सोमवार कडक. पाण्याचा थेंब नाही आणि तोंडातून शब्द नाही. ती माळ ओढत माजघरात बसली होती. लिंबाजी खिरीचं पातेलं घेऊन समोर आला.

"आत्या, खीर घ्या."

आत्यानं मान हलवली.

"असं कसं? घ्याच."

आत्यानं हात आडवा केला. लिंबाजीला खूण पटली. त्यानं हाताखालून पळी घातली. आत्या उठून पळाली. पुढं आत्या, मागं खीर, असे दोघं तुळशीला तीन वेढे मारून आले. शेवटी आत्यानं मौन मोडून "मेल्या!" म्हणायला तोंड उघडलं आणि लिंबाजीनं पळी आत सारली.

मौन गेलं, उपास गेला. खिरीत वेलदोडा कमी पडलाय हेही आत्या त्याच दमात बोलून गेली.

"जावईबापू!" मुंजाजीराव ओरडले. "उपाशी जीव म्हणजे व्रत! त्याच्यापुढं अन्न न्यायचं नाही. घरातलं खाणं कुलपात घालायचं, पायाशी बसायचं आणि भजन म्हणायचं!"

तिसरी गाठ.

पोळ्याच्या सकाळी मुंजाजीराव अंगणातून म्हणाले, "जावईबापू, गोठ्यात बघा जरा. मोऱ्या नि चांद्या रातीपासून उपाशी आहेत."

लिंबाजीनं गोठ्यात जाऊन बघितलं. बैल उपाशी होते. म्हणजे व्रत. बैलसुद्धा किती धार्मिक आहेत या घरचे! त्यानं कडब्याच्या खोलीला कुलूप घातलं, पेंडीचं पोतं माळ्यावर टाकलं आणि बैलांच्या पायाशी बसून टाळ्या वाजवत भजन धरलं. बैलांनी पहिली दोन भजनं ऐकून घेतली. तिसऱ्याला चांद्यानं दावं तोडलं. गव्हाण ओलांडली, भिंत ओलांडली, वेशीवरचं आंब्याचं तोरण खाल्लं आणि परत येताना नाल्यात पाय मुरगाळून बसला.

आता मुंजाजीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लिंबाजीपुढं हात जोडून म्हणाले, "बाबा रे, पोळ्याला बैल म्हणजे देव. खाणारा, रवंथ करणारा देव! त्याला विहिरीवर न्यायचं, घासून धुवायचं, शिंगं रंगवायची, बाशिंग बांधायचं, अंगावर झूल, गळ्यात घुंगुरमाळ. वाजतगाजत मारुतीला फेरा घालायचा. पोटभर पुरणपोळी चारायची. त्या दिवशी काम नाही सांगायचं."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी जुंपायचं! फुकट कोण खाऊ घालतं?"

लिंबाजीनं ही गाठ दोनदा मारली.

भामा त्याला पाणी देताना म्हणाली, "आता एकच राहिलंय, महाराजांचं येणं. तेवढ्यापुरतं काही करू नका. नुसते बसून राहा."

"मामा सांगतील तसं करीन."

"तेच नको म्हणते मी!"

पण दोनच दिवसांनी मुंजाजीरावांनी सांगितलंच. महाराजांसाठी पेढे आणि शाल आणायला त्यांना तालुक्याला जायचं होतं, आणि जाताना त्यांनी भामालाही पसंतीला सोबत घेतलं. गाडीत बसता बसता म्हणाले, "उद्या सकाळी येतो. माघारी महाराज आलेच तर सेवेत कमी पडू देऊ नका. महाराज म्हणजे आपल्या घरचा देव."

भामा गाडीतून हातानं नाही नाही करत होती. लिंबाजीनं तिला हात हलवून निरोप दिला.

दुपारी महाराज आले. अंग गोरं, गुळगुळीत आणि भरपूर. आसनावर बसले, डोळे मिटले आणि विडा चघळायला लागले.

लिंबाजी निरखत राहिला. देव तर आहे. पण कसला? नुसतं दाखवायचा की चारायचा? महाराजांचा जबडा डावीकडून उजवीकडं जायचा, उजवीकडून डावीकडं यायचा, आणि मधेच थांबून पुन्हा चालू व्हायचा.

"रवंथ करतोय," लिंबाजी म्हणाला आणि निर्धास्त झाला.

त्यानं महाराजांना विहिरीवर नेलं. काथ्यानं घासलं. "भक्ताचा भाव," महाराज कण्हत म्हणाले, "मोडू नये." शिंगं सापडली नाहीत, म्हणून त्यानं कान रंगवले, एक हिरवा, एक लाल. बाशिंग बांधलं. झूल पाठीवर टाकली. घुंगुरमाळ घातली. हलगीवाला बोलावला आणि कासरा हातात धरून महाराजांना मारुतीकडं काढलं.

गाव बघत होतं. पण महाराज डोळे मिटून आशीर्वाद देत चालले होते, तेव्हा बोलणार कोण? दोनचार बायांनी पाया पडून घेतलं. एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "नवा संप्रदाय दिसतोय."

गयाबाईनं पुरणपोळ्या केल्या होत्याच. लिंबाजीनं सुपात घालून पुढं ठेवल्या. चांद्या दोनात मागं सरायचा. महाराजांनी सूप पुसून काढलं आणि तूप मागितलं.

"दमदार जनावर आहे," लिंबाजीच्या मनात आलं. सेवा अशी झाली की कुणाचा ओरडा नाही, कुणाचा झाडू नाही. भामा आता आपलीच, असं म्हणत तो गाढ झोपला.

उजाडलं. म्हणजे दुसरा दिवस. मोऱ्या गोठ्यात एकटाच उभा होता, चांद्या लंगडत होता, आणि ज्वारीच्या वावरात वखर मारायचा राहिला होता. सगळं आपोआप जुळून आलं.

"महाराज, वावरात चला."

"तिथंही पूजा आहे काय?"

"मान वाकवा."

महाराजांना हार दिसला नाही, पण वाकवायची सवय होती. मानेवर जू बसलं.

मुंजाजीराव पेढ्यांचा पुडा घेऊन बांधावर पोचले तेव्हा अर्धं वावर झालं होतं. डावीकडं मोऱ्या, उजवीकडं निरिच्छानंद महाराज. देवाला आसूड मारायचा नाही एवढं लिंबाजीला कळत होतं. शेपटी पिरगाळावी म्हणून त्यानं शोधली, ती नव्हती, तेव्हा तो धोतराचा सोगा पिरगाळत होता. महाराजांच्या तोंडून जन्मात आलं नाही इतकं मनापासून "देवा रे!" येत होतं.

पुडा खाली पडला. मुंजाजीराव ढेकळांतून धावले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज! आज्ञा करा! या माणसाचं काय करू? आजच काडीमोड करतो! माझी लेक मी जन्मभर घरी ठेवून घेईन!"

भामा बांधावर उभी होती. पदराचं टोक तिनं दातात धरलं होतं.

महाराजांनी जुवाखालून मान जेमतेम वर केली. "मुंजाजी," ते धापा टाकत म्हणाले, "मुलगी इथं राहिली, तर हा न्यायला परत येईल काय?"

"दरवर्षी येईन, महाराज," लिंबाजी म्हणाला. "दर श्रावणात."

महाराज ओरडले, "मुंजाजी! दे रे याची बायको याला! आत्ताच्या आत्ता! ही गुरूची आज्ञा आहे!"

गुरूचा शब्द मुंजाजीरावांनी कधी मोडला नव्हता. भामानं तर उत्तराची वाटही बघितली नाही. ती बांधावरून उतरली, नवऱ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "चला. आता कुणी काही सांगायच्या आत चला."

पण मुंजाजीराव रीत सोडणारे नव्हते. जू काढता काढता ते दातओठ खात म्हणाले, "जावईबापू, जाण्याआधी महाराजांचे पाय धरा."

लिंबाजी खाली बसला. त्यानं महाराजांचा उजवा पाय धरला, उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला, तळवा उलटा करून अंगठ्यानं नीट दाबून बघितला.

"मामा," तो म्हणाला, "जनावर गुणी आहे. पण खूर मऊ आहेत. रब्बीच्या पेरणीआधी नाल ठोकून घ्या."