झिजलेला पॉलिश पेपर

खुर्च्याही तोंड उघडून बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. गोजराक्का जुन्या खुर्च्या नव्यासारख्या करून स्वस्तात विकायची. तिच्याकडे नवाकोरा, खरखरीत पॉलिश पेपर आला. झिजून गुळगुळीत झालेल्या पेपरला पाहून तो हसला, "आजोबा, तुमचे दात पडले की! आता चुलीत जा."

नव्या पेपरने एका खुर्चीचा जुना रंग झपाझप खरवडला. व्हार्निशचा पहिला हात वाळला, तसा तो पुन्हा पुढे सरसावला.

"आई गं!" खुर्ची ओरडली. चकचकीत पाठीवर ओरखडे उठले होते.

"इथं तुझं काम नाही रे बाबा," म्हणत गोजराक्काने म्हाताऱ्याला उचललं. तो हळुवार फिरला, ओरखडे गेले, खुर्ची खुदकन हसली.

नवा ओशाळून म्हणाला, "आजोबा, मला हे कधी जमेल?"

"घासत राहा," म्हातारा म्हणाला. "दात पडले की जमेल."