राखेतली पावले

फार फार वर्षांपूर्वी, मी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्याच्याही कितीतरी आधी, एका गावात एक तांबट राहत होता. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. तुम्ही मान डोलावता आणि घरी जाऊन तेच करता, हे मला ठाऊक आहे. तरीही सांगतो.

तांबटाच्या घरात चार माणसे होती: तो, त्याची बायको, लहान मुलगी आणि आंधळे वडील. घराची जमीन मातीची होती. दर आठ दिवसांनी बायको ती शेणाने सारवी. सारवून सारवून तिचे गुडघे गेले होते. ती म्हणे, "अहो, एकदा फरशी घाला ना. मी दमले आता." त्यात तिचे काही चुकत नव्हते.

म्हातारा मात्र त्याच जमिनीवर दिवसभर हिंडे. डोळे गेले होते, पण तळपायांना सगळे कळत असे. ऊब लागली की चूल आली. खोलगट लागले की उखळाची जागा आली. खडे टोचले की दार आले. हातात काठी नाही, कुणाचा आधार नाही. आपले पाणी तो आपणच घेई. "चालतोय तोवर मी कुणाला ओझं नाही," असे तो म्हणे, आणि तेवढाच त्याचा अभिमान उरला होता.

एकदा तांबट राजवाड्यात हंडे पोचवायला गेला. तिथली काळी, गुळगुळीत फरशी त्याने पाहिली. तिच्यात हंडा दिसत होता आणि हंड्यामागे त्याचे स्वतःचे तोंडही दिसत होते. जन्मभर भांडी चकाकवणाऱ्या माणसाला आणखी काय हवे? त्याचा जीव त्या फरशीत अडकला.

गावात जमिनी घालणारा एक म्हातारा पाथरवट होता. त्याची एक रीत होती. दगड उतरवण्याआधी तो चुलीतली राख चाळून घरभर पसरी आणि एक दिवस तशीच ठेवायला लावी. दुसऱ्या दिवशी राखेतली पावले बघून, घरात कोण कुठे कसे चालते ते ओळखून, तो दगड ठरवी. तांबटाच्या घरीही त्याने राख पसरली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तो घर झाडून लख्ख!

"आज पाहुणे यायचेत," तांबट म्हणाला. "घरभर राख बघून त्यांना वाटेल, कुणी गेलं की काय. मीच झाडली. मला राजवाड्यासारखी फरशी घाल. तोंड दिसलं पाहिजे."

"पाहुणे जेवून जातील, दादा. चालायचं घरच्यांना आहे."

"तू दगडाचं बघ, म्हातारबा. घर माझं आहे."

चाळीस वर्षे पाथरवट लोकांना हेच सांगत आला होता. तो वाद घालत बसला नाही. मला त्याचा राग येत नाही. सांगून सांगून थकलेल्या माणसाचा राग कसा यावा?

फरशी झाली. पाहुणे म्हणाले, "हे घर आहे की आरसा!" तांबटाला आभाळ ठेंगणे झाले. बायको मात्र आगीतून फुफाट्यात पडली. सारवण आठ दिवसांनी असे, पण या फरशीवर प्रत्येक पाऊल उमटे आणि ती दिवसातून तीनदा पुसावी लागे.

आणि म्हाताऱ्याचे तर घरच हरवले. तो मधेच थांबून विचारी, "सूनबाई, सगळीकडं एकच गार लागतंय. मी कुठं आहे गं?"

चौथ्या दिवशी तिने नुकत्याच पुसलेल्या फरशीवर त्याचा पाय पडला. तो घसरला आणि त्याचा खुबा मोडला. हाडवैद्याने पट्ट्या बांधल्या आणि जाताना हळूच सांगितले, "बसतील. चालायचे नाहीत." सून रडत राहिली, कारण ती फरशी तिनेच पुसली होती.

"मला गोठ्यात ने," म्हातारा म्हणाला. "तिथली जमीन माझ्या ओळखीची आहे."

त्याची बाज गोठ्यात गेली. त्याला भरवायला सून गेली, हळूहळू तिने चूलही तिकडेच मांडली. आजोबांच्या मागोमाग नात गेली. पाहुणे आले की म्हाताऱ्याची विचारपूस करायला गोठ्यात जात आणि तिथेच गवतावर गप्पा मारत बसत. तांबट जेवायला बसला की समोर फरशीत तोच दिसे.

शेवटी त्याने पाथरवटाला बोलावले. "घर खायला उठतंय रे. तुझ्या दगडात काही खोट आहे का बघ."

पाथरवटाने राख मागितली, घरभर पसरली आणि म्हणाला, "या वेळी झाडू नका."

दुसऱ्या दिवशी दोघे उंबऱ्यात उभे राहिले. राखेत एकाच माणसाची पावले होती, अंथरुणापासून दारापर्यंत आणि दारापासून अंथरुणापर्यंत.

"बाकीची कुठं आहेत?" तांबटाने विचारले. विचारता विचारताच त्याला कळले, आणि तो तिथेच खाली बसून रडला.

"दगडात खोट नाही, दादा," पाथरवट म्हणाला.

मग दोघांनी हातोडे आणि छिन्न्या घेतल्या. जात्याला टाकी लावतात तशी सगळ्या फरशीला टाकी लावली आणि तिची चकाकी घालवली. चुलीपाशी बारीक टाके, उखळापाशी खोलगट, दाराशी भरड. पंधरा दिवस तांबटाने दुकान उघडले नाही.

काम संपल्यावर त्याने वडिलांना उचलून आत आणले. म्हाताऱ्याने जमिनीवरून तळहात फिरवला. "ही चूल," तो म्हणाला. "हे उखळ. आणि हे दार." त्याचा चेहरा उजळला.

"छान झाली रे जमीन," तो म्हणाला. "आता तिच्यावर चालायला माझे पाय तेवढे आणून दे."

तांबट वडिलांचे पाय मांडीवर घेऊन बसला.

तात्पर्य: घराची जमीन निवडताना पाहुण्यांच्या डोळ्यांना नव्हे, घरच्यांच्या पायांना विचारावे, आणि ते पाय चालते आहेत तोवरच विचारावे.