तुरूची पहिली बांग

एक होता तुरू. कोंबड्याचं पिल्लू, इवलासा तुरा.

रोज बांग द्यायचा तुरूचा दादा. आधी पाणी प्यायचा, मग बांग द्यायचा. दादा गेला. आता परत यायचा नाही. आज बांग तुरूने द्यायची.

तुरूने मान वर केली. क्र्र. क्र्र. घसा कोरडा. बांग हरवली.

तुरू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु.

"वाटी, वाटी, पाणी दे. घसा सुकला, बांग येईना."
वाटी म्हणाली, "कळशी ओतेल, तर देईन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"कळशी, कळशी, पाणी ओत. वाटी पाणी देईना. घसा सुकला, बांग येईना."
कळशी म्हणाली, "रहाट फिरेल, तर ओतेन."

तुरुतुरु तुरुतुरु. विहिरीवर रहाट.

"रहाटा, रहाटा, गरगर फिर. कळशी पाणी ओतेना. वाटी पाणी देईना. घसा सुकला, बांग येईना."
रहाट म्हणाला, "सगुणाकाकू दोर ओढेल, तर फिरेन."

तुरुतुरु तुरुतुरु. काकू चुलीपाशी, डोकं धरून.

"काकू, काकू, दोर ओढ. रहाट गरगर फिरेना. कळशी पाणी ओतेना. वाटी पाणी देईना. घसा सुकला, बांग येईना."
काकू म्हणाली, "डोकं ठणकतंय रे. आधी चहा, मग दोर."
"मग कर की चहा."
"पाणी कुठंय, शहाण्या?"

मागे काकूचं अंथरूण, उशाशी तांब्या. तुरूने चोच मारली. टण् टण् टण्. झाकण पडलं. खणणण. आत पाणी. काकूनेच रात्री भरून ठेवलेलं.

तुरूला तहान लागलेली. पण तो म्हणाला, "काकू, आधी तू पी."
"अगं बाई, प्यायचं राहिलंच की. उठले की चहाच आठवतो मेला."

काकू प्यायली. गट गट गट. थोडी बसली. डोकं हलकं झालं.

काकूने दोर ओढला. रहाट फिरला, गरगर गरगर. कळशी भरली, बुडबुड बुडबुड. कळशीने ओतलं. वाटीने दिलं. तुरू प्यायला. टिप टिप टिप. घसा ओला झाला.

कु कुच कूऽऽ. कु कुच कूऽऽ.

वाडी जागी झाली.

तुरू सगळ्यांकडे पळाला. "वाटी, तू दिलंस. कळशी, तू ओतलंस. रहाटा, तू फिरलास. काकू, तू दोर ओढलास. किती चांगले तुम्ही."

काकूने मूठभर कण्या टाकल्या. "घे. बांग देणाऱ्याच्या या."

तुरूने एक कणी टिपली. मग परत मान वर केली.

कु कुच कूऽऽ.

ही दादासाठी.