कोऱ्या पुठ्ठ्यावरचा नेम

एकदा एका पेठेचा मान एका किराणा दुकानदाराच्या हाती आला, आणि अख्ख्या पेठेने कपाळावर हात मारून घेतला.

त्या गावचा रिवाज असा. दसऱ्याला देवीची पालखी निघण्याआधी मातीच्या ढिगाऱ्यासमोर एक काठी रोवतात आणि तिला गुलालाने भरलेलं बोळकं टांगतात. प्रत्येक पेठेचा एक नेमबाज, छर्‍याची बंदूक आणि एकच छर्रा. ज्या पेठेकडून बोळकं फुटेल, तिचा पालखीला पहिला खांदा. नेमबाज कोण, हे देवीसमोर चिठ्ठ्या टाकून ठरतं. यंदा वाणी पेठेतून नाव निघालं प्रभुलिंग शेटचं. चाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं, आणि हातात आजवर तराजूखेरीज दुसरं काही धरलेलं नाही!

"देवीलाही थट्टा सुचते म्हणायची," त्याची बायको महानंदा हसत म्हणाली.

प्रभुलिंगला मात्र हसू येईना. त्याचे वडील पंचाहत्तरीला टेकले होते, आणि आपल्या पेठेला पहिला खांदा मिळालेला त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. चिठ्ठी निघाली तेव्हा ते एवढंच बोलले, "लेका, माझा खांदा अजून चालतोय. उद्याचं कुणी पाहिलंय?" ते वाक्य प्रभुलिंगच्या काळजात रुतून बसलं.

तो उठला आणि थेट वेणूबाईंकडे गेला. वेणूबाई म्हणजे शाळेतल्या कवायतीच्या जुन्या बाई. ऐन उमेदीत त्यांनी नेमबाजीची पदकं मिळवली होती. आता वय झालं होतं. जिभेची धार मात्र तीच होती.

"तू? प्रभ्या? कवायतीत डावा-उजवा पाय कळत नव्हता तुला!" बाई म्हणाल्या. "बरं, ये. पहिला धडा. नळी माणसाकडे करायची नाही, गमतीतसुद्धा नाही. आणि मी सांगेपर्यंत बोट चापाला लावायचं नाही."

मग एकेक गोष्ट सुरू झाली. बंदुकीचा लाकडी दस्ता खांद्यात घट्ट बसवावा, गाल त्यावर टेकवावा. नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक उंचवटा, मागच्या खाचेत मधोमध आणावी. नजर माशीवर ठेवावी. लक्ष्य थोडं पुसट दिसलं तरी चालतं. अर्धा श्वास सोडून क्षणभर थांबावं आणि चाप हळूहळू दाबत न्यावा, हिसका देऊ नये. प्रभुलिंग मन लावून शिकला. तरी छर्रे भलतीकडेच! एक डावीकडे गेला की तो पुढचा नेम थोडा उजवीकडे धरी. पुढचा छर्रा फारच उजवीकडे गेला की परत डावीकडे. समोरच्या पुठ्ठ्याची पार चाळण झाली. मधला काळा ठिपका मात्र जसाच्या तसा हसत राहिला.

दसरा जवळ आला. एके सकाळी बाईंनी नवा पुठ्ठा उलटा करून लावला. समोर नुसता कोरा पांढरा भाग.

"बाई, मारू कशावर?"

"पुठ्ठ्याच्या मधोमध. दर वेळी तस्साच बस, तस्साच श्वास घे, तस्साच चाप दाब. आणि छर्रा कुठे गेला ते बघायला जायचं नाही."

"अहो बाई, इथे माझी झोप उडाली आहे आणि तुम्ही ठिपकाच काढून घेतलात!"

"मार म्हटलं ना?"

तो चिडला, पण शाळेपासूनची सवय. बाईंपुढे त्याचं काही चालेना. तो मारत राहिला. सुधारायला समोर काही नव्हतंच, त्यामुळे खांदा सैल झाला, श्वासाला लय सापडली. उन्हं चढल्यावर बाईंनी पुठ्ठा आणून त्याच्या पुढ्यात ठेवला. सगळी भोकं एकमेकांना खेटून होती, पण खालच्या डाव्या कोपऱ्यात.

प्रभुलिंगचा चेहरा पडला. "संपलं! सगळे कोपऱ्यात."

बाई खुदकन हसल्या. "अरे वेड्या, पेढे वाट पेढे! आता मला सांग, दुकानात तराजूची दांडी हलत असताना तू पारड्यात चिमूट टाकतोस का?"

"छे! ती आधी ठरू द्यावी लागते. नाहीतर कुठलं पारडं जड, ते कळणार कसं?"

"मग इथे तुझं काय चाललं होतं? हात अजून ठरला नव्हता आणि तू दर छर्‍यामागे चिमूट टाकत होतास. डावीकडे गेला, टाक उजवीकडे. आज हात ठरला, म्हणून बंदुकीचं वाकडेपण दिसलं. विखुरलेल्या चुका ब्रह्मदेवालाही दुरुस्त करता येत नाहीत. एका जागी आलेली चूक साध्या स्क्रूनेही निघते." असं म्हणून त्यांनी मागच्या खाचेचे स्क्रू थोडे फिरवले आणि पुठ्ठा सुलटा करून लावला. पुढचा छर्रा ठिपक्यात!

दसऱ्याला मैदान फुललं होतं. आधीच्या पेठांचे छर्रे हुकले. प्रभुलिंगने बंदूक उचलली, गाल टेकवला, आणि माशी थरथरताना दिसली. बोट चापावरून काढून त्याने बंदूक खाली घेतली. "घाबरला! घाबरला!" लोक ओरडले. वडील काठीवर रेलून, ओठ घट्ट मिटून उभे होते. प्रभुलिंगने कुणाकडे पाहिलं नाही. श्वास लयीत येईपर्यंत तो थांबला, पुन्हा गाल टेकवला, आणि छर्रा कधी सुटला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

बोळकं फुटलं. गुलाल उधळला. वाणी पेठेने असा काही गलका केला की पालखीचे भोईही दचकले. म्हाताऱ्याने काठी सुनेच्या हाती दिली, पुढे होऊन पालखीच्या दांड्याखाली खांदा घातला आणि लहान मुलासारखा रडला.

गर्दीतून वाट काढत प्रभुलिंग वेणूबाईंच्या पाया पडला. "बाई, हुकलं असतं तर?"

"हुकलं असतं तर वडिलांना वाईट वाटलं असतं, मलाही वाटलं असतं," बाई म्हणाल्या. "पण का हुकलं, ते तुला कळलं असतं. पहिल्या दिवशी लागलं असतं ना, तर का लागलं तेही कळलं नसतं."

प्रभुलिंगने हलकेच बंदुकीची नळी जमिनीकडे केली, ती बाईंच्या हाती सोपवली आणि वडिलांच्या मागे जाऊन दांड्याला खांदा लावला.